आरोप कळल्याविना दाद कसली?

(गावच्या चावडीपुढे जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून पुष्कळांना वाटेल की, मास्तरांना गावात बोलायला काही उरले नाही म्हणून ते विलायतेच्या गोष्टी सांगायला निघाले. पेरणी, पाणी, कर्ज, शाळा ही आपली रोजची दुखणी सोडून लंडनच्या कोर्टात कोणी काय दाद मागितली याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? पण थोडा धीर धरा. घरातून केव्हा बाहेर पडावे हे ज्याला सरकार सांगते, ज्याला रोज हजेरी द्यावी लागते, आणि 'माझा गुन्हा काय?' असे विचारल्यावर ज्याला 'ते तुला सांगता येत नाही' असे उत्तर मिळते, अशा माणसांची ही हकीकत आहे. हजेरी म्हणजे काय हे ज्यांच्या आजापणजांनी अंगावर सोसले, अशी घरे या सभेत आहेत. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम हकीकत सांगतो, मग तिचे तात्पर्य.

11 सप्टेंबर 2001 रोजी दहशतवाद्यांनी अमेरिकेत विमाने आदळून सुमारे तीन हजार निरपराध माणसे मारली. त्या धास्तीने इंग्लंडच्या पार्लमेंटाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक कायदा केला. एखाद्या परदेशी माणसाबद्दल गृहमंत्र्यास दहशतवादाचा संशय आला, आणि त्याला मायदेशी धाडता येत नसले, तर त्याला खटल्याविना, मुदतीविना तुरुंगात ठेवावे, असा तो कायदा. अशी माणसे लंडनच्या बेलमार्श तुरुंगात व इतरत्र कोंडली गेली.

मायदेशी का धाडता येत नव्हते? कारण तेथे छळ होण्याचा खरा धोका असेल तर माणसाला तेथे पाठवू नये, असे युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने ठरविले होते. हा निकाल 1996 सालचा, आणि तो आपल्याच देशातून गेलेल्या चहल नावाच्या एका शीख गृहस्थाच्या प्रकरणातला आहे. हे गृहस्थ 1990 पासून सहा वर्षे खटल्याविना कैदेत होते. देशाच्या सुरक्षेचे नाव घेतले की तिघा सल्लागारांपुढे म्हणणे मांडायचे. तेथे वकील नाही, आणि त्यांचा सल्ला मंत्र्यावर बंधनकारकही नाही, अशी तेव्हाची रीत होती. युरोपच्या कोर्टाने सांगितले की, याला दाद म्हणत नाहीत.

म्हणून 1997 साली इंग्लंडने एक खास अपील कमिशन नेमले. तेथे न्यायाधीश असतो, वकील असतो. पण पुराव्याचे दोन गठ्ठे असतात. एक उघडा, दुसरा झाकलेला. झाकलेला गठ्ठा आरोपित माणसाला दाखवीत नाहीत, त्याच्या वकिलालाही दाखवीत नाहीत. तो गठ्ठा पाहण्यासाठी सरकार एक खास वकील नेमते. तो त्या माणसाच्या बाजूने बोलतो खरा. पण गठ्ठा एकदा पाहिला की परवानगीवाचून त्याला त्या माणसाशी त्या बाबतीत बोलण्याची मनाई! वैद्याने रोग्याच्या बाजूने औषध द्यावे, पण रोग्याला 'कोठे दुखते?' म्हणून विचारू नये, असा हा प्रकार. 2004 साली इयान मॅक्डोनल्ड या नामांकित वकिलाने, अशा अन्यायाला माझ्या नावाची शोभा नको, या भावनेने हे काम सोडून दिले.

तरीही एक गोष्ट खरी की, दाद मागण्याची जागा असल्याने काही निघाले. लिबियाच्या एका माणसाला सोळा महिने कोंडल्यावर या कमिशनने मार्च 2004 मध्ये गृहमंत्र्याचा संशय आधाराचा नाही असे ठरवून त्याला सोडले, आणि वरच्या कोर्टाने तो निकाल कायम केला. दरवाजा चिंचोळा असला तरी भिंतीपेक्षा बरा, तो असा.

मग 16 डिसेंबर 2004 रोजी मोठा निकाल लागला. हाऊस ऑफ लॉर्ड्स हे इंग्लंडचे तेव्हाचे सर्वांत वरचे कोर्ट. तेथे नऊ न्यायाधीश बसले आणि आठांनी सरकारच्या विरुद्ध मत दिले. त्यांचे म्हणणे आपल्या शेतकऱ्यालाही सहज पटेल. धोका परक्यांकडून आहे तसा देशी माणसांकडूनही आहे, असे सरकारच म्हणते. मग कोंडवाड्यात फक्त परक्याचेच ढोर का? तेथील कोर्टाला पार्लमेंटाचा कायदा मोडता येत नाही. हा कायदा मानवी हक्कांशी जुळत नाही, एवढेच जाहीर करता येते. पण त्या जाहीर बोलण्याचे वजन असे पडले की, पार्लमेंटाने कायदा बदलला.

बदलला तो कसा, हेही ऐका. मार्च 2005 मध्ये नवा कायदा झाला. आता परका आणि देशी दोघेही एका मापाने! तुरुंग गेला आणि त्याच्या जागी 'कंट्रोल ऑर्डर' आली. आपण तिला निर्बंधाचा हुकूम म्हणू. माणूस घरीच राहतो, पण घर हाच तुरुंग. पायात विजेचे कडे. दिवसातून इतके तास बाहेर पडायचे नाही. परवानगीवाचून पाहुणा घरात घ्यायचा नाही. टेलिफोनवर बंदी, इंटरनेटवर बंदी. पोलीस केव्हाही येऊन झडती घेणार. कडे देखरेख करणाऱ्या कंपनीला ठराविक वेळी टेलिफोनवरून हजेरी द्यायची. एखादी अट मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद. हुकूम बारा महिन्यांचा, पण पुनःपुन्हा वाढविता येणारा. 2005 पासून 2011 पर्यंत असे हुकूम 52 माणसांवर बजावले गेले. कोर्टाच्या कागदांत त्यांची नावे नाहीत, जे. जे., ए. एफ., ए. पी. अशी अक्षरे आहेत.

या अक्षरांनी काय मिळविले ते पाहा.

जे. जे. आणि त्याचे पाच सोबती यांना एकेका खोलीच्या बिऱ्हाडात रोज अठरा तास डांबले होते. सकाळी दहाला सुटका, दुपारी चारला पुन्हा आत. 31 ऑक्टोबर 2007 रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी वरच्या कोर्टाने सांगितले की, हा निर्बंध नव्हे, ही कैदच आहे. आणि खटल्याविना कैद चालणार नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रकरणात, बायकोमुलांसह स्वतःच्या घरी राहणाऱ्याला बारा तासांची बंदी होती, ती कैद नव्हे असेही कोर्टाने म्हटले. म्हणजे न्यायाधीशांनी डोळे मिटून कोणाचीच बाजू घेतली नाही. माप घेऊन पाहिले.

ए. पी. याला लंडनमधून उचलून सुमारे दीडशे मैल दूर एका अनोळखी गावी ठेवले. सोळा तासांची बंदी. नातलग लंडनला, आणि त्यांना भेटीस येणे फार अवघड. 2010 च्या जूनमध्ये सात न्यायाधीशांनी ठरविले की, नुसते तास मोजू नका. माणूस माणसांपासून किती तुटला तेही मोजा. बंधूंनो, हे फार शहाणपणाचे बोलणे आहे. शिक्षा एका माणसाच्या नावाने लिहिली जाते, पण ती सारे घर भोगते. नवऱ्याच्या पायात कडे असले की बायकोच्या मैत्रिणी येईनाशा होतात, आणि पोराला शाळेत कोणी जवळ बसवीत नाही. आम्ही मास्तर लोक हे रोज पाहतो; बापाच्या नावाचा डाग पोराच्या पाटीवर पडतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ए. एफ. नावाच्या माणसाच्या प्रकरणात झाकलेला गठ्ठाच सर्व काही होता. उघड्या गठ्ठ्यात नेमका आरोप असा जवळजवळ नव्हताच. कोर्टात अपील आहे, न्यायाधीश आहे, वकील आहे, आणि अपील करणाऱ्याला हेच ठाऊक नाही की आपण अमुक दिवशी अमुक ठिकाणी गेलो, अमुक माणसाला भेटलो, असे कोणी म्हणते आहे काय? ठाऊक असते तर तो म्हणाला असता, 'त्या दिवशी मी दवाखान्यात होतो, ही पाहा चिठ्ठी.' किंवा 'तो माणूस माझा मावसभाऊ, लग्नाचे बोलायला आला होता.' आरोपच माहीत नसेल तर निरपराध माणूससुद्धा मुका होतो. युरोपच्या कोर्टाने फेब्रुवारी 2009 मध्ये हे मान्य केले. आणि 10 जून 2009 रोजी इंग्लंडच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने ठरविले की, माणसाला आपल्या वकिलास उत्तर सांगता यावे इतका तरी आरोप त्याला कळविलाच पाहिजे. त्यांपैकी लॉर्ड हॉफमन यांना हा नियम चुकीचा वाटत होता. तरी युरोपच्या कोर्टाचा निकाल पाळलाच पाहिजे म्हणून त्यांनी तो मान्य केला. यानंतर काही प्रकरणांत आरोप उघडा करण्यापेक्षा सरकारने हुकूमच मागे घेतले.

बहुजन समाजाच्या माणसाला या गोष्टीचे मर्म कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्यावर शेकडो वर्षे राज्य केले ते तलवारीने थोडे आणि झाकलेल्या पोथीने फार. पोथीत काय लिहिले आहे ते आम्ही वाचायचे नाही, ऐकायचेही नाही. पण त्या पोथीच्या आधाराने आमच्यावर प्रायश्चित्त मात्र बसवायचे! कुलकर्ण्याच्या दप्तरात आपल्या नावापुढे किती बाकी लिहिली आहे हे रयतेला कळत नसे. कळे तेव्हा बैल विकावे लागत. सावकाराच्या वहीवर आंगठा उठविणाऱ्याला वहीतला आकडा ठाऊक नसे. पोथी असो, दप्तर असो, वही असो, की इंग्लंडच्या गृहमंत्र्याचा गठ्ठा असो. वाचणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी वाटणी झाली की तेथे गुलामगिरी आलीच. मग त्या गठ्ठ्यावर धर्माचा शिक्का असो की देशरक्षणाचा.

येथे कोणी उठून म्हणेल, 'मास्तर, बॉम्ब फुटून माणसे मरतात त्याचे काय? सरकारने खबऱ्याचे नाव चव्हाट्यावर सांगून त्याचा गळा कापवून घ्यावा काय?' हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. 7 जुलै 2005 रोजी लंडनच्या आगगाड्यांत आणि बसमध्ये बॉम्ब फुटून पन्नासांवर माणसे मेली. निर्बंधाखालचे काही जण पळूनही गेले. सरकारची धास्ती सारी खोटी नव्हती. पण खबऱ्याचे नाव झाकणे वेगळे आणि आरोप झाकणे वेगळे. 'कोणी सांगितले' हे झाका. 'काय सांगितले' हे झाकू नका. त्या नऊ न्यायाधीशांनी नेमकी हीच रेघ ओढली आहे.

आणि याहून मोठे उत्तर आपल्या महाराष्ट्राने दिलेले आहे. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर हल्ला होऊन 166 माणसे मारली गेली. त्या हल्लेखोरांपैकी कसाब तेवढा जिवंत हाती लागला, तो सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे पोलीस अंमलदार तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीच्या गोळ्या अंगावर झेलून त्याला धरून ठेवले म्हणून. ओंबळे तेथेच कामी आले. त्या कसाबाला आपण काय केले? आरोपपत्र दिले, वकील दिला, साक्षीदार तपासले. 2010 साली खास कोर्टाने शिक्षा दिली, 2011 साली हायकोर्टाने आणि 2012 साली सुप्रीम कोर्टाने अपील ऐकून ती कायम केली. आणि मग 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यास फाशी झाली. त्याच खटल्यात आणखी दोघे हिंदी आरोपी होते. त्यांच्यावरील पुरावा विश्वासाचा नाही म्हणून तिन्ही कोर्टांनी त्यांना निर्दोष ठरविले. खटला उघड चालला नसता, गठ्ठा झाकलेला असता, तर ते दोघे कसाबाबरोबरच बुडाले असते. ज्याचे कृत्य साऱ्या जगाने पाहिले त्याला जर आरोप सांगून उत्तर विचारता येते, तर ज्याच्यावर नुसता संशय आहे त्याला का नको?

इंग्लंडची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. 2011 साली निर्बंधाच्या हुकुमांचा कायदा रद्द होऊन थोडा सौम्य कायदा आला. दूर गावी हलविणे बंद झाले, आणि एका हुकुमाखाली दोन वर्षांहून अधिक ठेवू नये असे ठरले. 2015 साली दूर हलविणे परत आले. पण संशयापेक्षा अधिक भक्कम पुरावा हवा, असेही त्याबरोबर ठरले. 2021 साली ती पुराव्याची अट पुन्हा ढिली केली आणि मुदत पाच वर्षांपर्यंत नेली. झाकलेला गठ्ठा आणि खास वकील ही रीत अजून चालूच आहे. यावरून समजावे की, हक्क हा एकदा बांधला म्हणून कायम राहणारा वाडा नव्हे. तो शेताचा बांध आहे. दर पावसाळ्यात फुटतो आणि दर उन्हाळ्यात घालावा लागतो.

आता घरचे पाहू. 1871 साली इंग्रज सरकारने येथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एक जात्याच्या जात गुन्हेगार म्हणून सरकारी गॅझेटात छापली की झाले. त्या जाहीरनाम्याच्या खरेपणाची चौकशी कोर्टाने करू नये, असे त्या कायद्यातच लिहिले होते. म्हणजे दरवाजाच नाही. जन्मलेल्या पोरालाही तोच डाग, आणि मोठ्या माणसांना हजेरी. आमच्या छत्रपती शाहू महाराजांनी 1918 साली करवीर राज्यात महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली, आणि त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही काढली. हजेरी आणि दप्तर, दोहोंचा जाच एकाच साली त्या राजाने ओळखला. तो काळा कायदा साऱ्या देशातून जाण्यास 1952 साल उजाडले.

स्वराज्यात घटनेच्या बाविसाव्या कलमाने सांगितले की, खटल्याविना स्थानबद्ध केलेल्याला कारणे शक्य तितक्या लवकर कळवावीत. मात्र सार्वजनिक हिताविरुद्ध वाटतील त्या गोष्टी सरकारने झाकाव्यात, अशी पळवाटही तेथेच ठेवली. 1961 साली नागपुरात एका इसमाला स्थानबद्ध करून कारणे इंग्रजीत दिली. 'मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या,' असे तो म्हणाला, सरकारने नाकारले. 1962 साली सुप्रीम कोर्टाने त्याला सोडले. ज्या भाषेत माणसाला कळत नाही त्या भाषेत सांगणे म्हणजे न सांगणेच, हा त्या निकालाचा अर्थ. संस्कृत मंत्रांपुढे मान डोलावीत बसलेल्या आमच्या समाजाने हा निकाल घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा!

2019 सालच्या दुरुस्तीने केंद्र सरकारला कोणाही एका माणसाला, खटल्याविना, दहशतवादी म्हणून जाहीर करता येते. त्याने दाद मागायची ती प्रथम त्याच सरकारकडे, आणि तेथे नाकारले तर पुनर्विलोकन समितीकडे. त्या समितीवर हायकोर्टाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो हे ठीक. पण त्या माणसाला आरोप किती कळतो, यावरच त्या दादीची किंमत ठरणार. 2023 च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाने मल्याळी भाषेतील एका वृत्तवाहिनीच्या प्रकरणात, बंद पाकिटातून कारणे देण्याच्या रीतीला चांगलीच चपराक दिली. देशाची सुरक्षा हे शब्द उच्चारले म्हणून न्यायाचा नियम आपोआप गळून पडत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे.

शेवटी आपल्या पायाखालची गोष्ट. तडीपारीची नोटीस कोणत्याही गावी येऊ शकते. 1951 चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालविता येते. पण तोच कायदा सांगतो की, हुकमापूर्वी आरोपांचे साधारण स्वरूप लेखी कळवावे, उत्तर ऐकावे, साक्षीदार आणू द्यावे, वकील देऊ द्यावा. हुकूम झाल्यावर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते, आणि पुढे हायकोर्ट आहे. जानेवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने जालना जिल्ह्यातील एका माणसाची तडीपारी रद्द केली आणि बजावले की, हे हत्यार असाधारण आहे, ते क्वचितच वापरावे.

म्हणून माझे सांगणे असे. कोणावर नोटीस आली तर घाबरून आंगठा उठवू नका. ती वाचा, येत नसेल तर वाचून घ्या. मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. आरोप काय आहे ते लेखी, आणि आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागा. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट मदत देण्याचा 1987 चा कायदा आहे. आणि नोटीस शेजाऱ्यावर आली असेल तर 'त्याने काही केलेच असेल' असे म्हणून दार लावून घेऊ नका. ज्याला आपला आरोप ठाऊक नाही त्याच्याविरुद्ध निकाल देण्यास आपण तरी काय वाचले आहे?

मुलांना शिकवा, मुलींना शिकवा. कारण झाकलेला गठ्ठा उघडा मागायला आधी उघडा कागद वाचता यावा लागतो.